वासरांची हगवण : ओळख, उपचार व प्रतिबंध

गाय किंवा म्हैस व्याली म्हणजे घरातील मंडळींचे लक्ष प्रथम तिच्या कासेकडे जाते. दूध किती निघेल, डेअरीत किती घालता येईल, चिकाचा खरवस कोणाकोणाकडे पाठवावयाचा, असे विचार सुरू होतात. गोठ्याच्या कोपऱ्यात बांधलेल्या वासराकडे मात्र ते मान टाकून पडल्यावरच लक्ष जाते. तोपर्यंत पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते. आदल्या दिवशी सकाळी पातळ शेण टाकणारे वासरू दुसऱ्या दिवशी सकाळी गतप्राण झालेले आढळते आणि 'वासराला दृष्ट लागली' अथवा 'त्याचे आयुष्यच तेवढे' असे म्हणून मंडळी स्वतःचे समाधान करून घेतात.

वास्तविक हगवणीने दगावणाऱ्या वासरांपैकी पुष्कळशी वासरे घरच्या घरी, अल्प खर्चात व वेळीच केलेल्या उपचाराने वाचू शकतात. जी कालवड आज वाचते ती काही वर्षांनी दुभती गाय होते. बाजारातून तशी गाय विकत आणावयाची म्हटले तर शेतकऱ्याला कर्ज काढावे लागते. वासरू गेल्यावर आटणारी किंवा पान्हा चोरणारी गाय अथवा म्हैस हे नुकसान आणखी वेगळेच. सबब वासरांची हगवण कशी ओळखावी, ती झाल्यास काय करावे व मुळात ती होऊच नये म्हणून कोणती काळजी घ्यावी, याची माहिती प्रत्येक पशुपालकास व ग्रामस्तरीय कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

वासराचे पोट गाईच्या पोटासारखे नसते

मोठ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांपैकी पहिला कप्पा सर्वांत मोठा असून त्यात वैरण आंबून मऊ होते व मग जनावर रवंथ करते. नवजात वासराच्या ठिकाणी ही स्थिती उलट असते. त्याचा पहिला कप्पा लहान व निष्क्रिय असतो, आणि चौथा कप्पा, म्हणजे खरे जठर, सर्वांत मोठे असते. वासरू आचळ चोखू लागले म्हणजे अन्ननलिकेच्या शेवटी असलेली एक पन्हळ आपोआप मिटून तिची नळी बनते आणि दूध पहिल्या कप्प्यात न पडता सरळ चौथ्या कप्प्यात उतरते. तेथे त्याचे विरजणासारखे दही बनते व ते सावकाश पचते.

निसर्गाची ही योजना बिघडली की अपचन सुरू होते. वासराचे तोंड बळेच उघडून बांबूच्या नळीने किंवा बाटलीने दूध ओतले, थंडगार दूध पाजले, किंवा भुकेलेल्या वासराने बादलीतील दूध घाईघाईने ढोसले, तर पन्हळ नीट मिटत नाही. मग दूध पहिल्या कप्प्यात सांडते व तेथे नासते. असे वासरू राखी रंगाचे, चिकणमातीसारखे, आंबूस वासाचे शेण टाकते, त्याचे पोट फुगते व वाढ खुंटते.

दुसऱ्या आठवड्यापासून वासराच्या तोंडापुढे थोडी कोवळी, स्वच्छ वैरण व मूठभर भरडा ठेवल्यास पहिला कप्पा हळूहळू कार्यक्षम होऊ लागतो. तीन महिन्यांच्या सुमारास वासरू वैरणीवर बऱ्यापैकी अवलंबून राहू शकते. ज्या वासरास केवळ दोन आचळांचे उरलेसुरले दूध मिळते व पुढ्यात वैरण नसते, ते माती चाटते, भिंत चाटते, दुसऱ्या वासराचे केस गिळते. ही वासराची खोड नसून उपासमारीचे व बहुधा जंतांचे लक्षण होय.

हगवणीने वासरू का मरते ?

लहान वासराच्या शरीरात सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असते. हगवणीत हे पाणी आणि त्याबरोबर मीठ व इतर क्षार वेगाने बाहेर पडतात. रक्त घट्ट होते, त्यातील आम्लता वाढते, हातपाय गार पडतात, वासरू चोखणे सोडते आणि अखेर हृदयाची क्रिया बंद पडते. हगवणीचे मूळ कारण कोणतेही असो, प्राण घेणारी गोष्ट बहुतेक वेळा हीच असते. म्हणून शेण घट्ट करण्यापूर्वी शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढणे, हा उपचाराचा पहिला व प्रमुख भाग होय.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. ३० किलो वजनाच्या वासराच्या शरीरातील पाणी वजनाच्या शेकडा ८ इतके कमी झाले, तर त्याने २.४ लिटर पाणी गमावले असा अर्थ होतो. अशा वासरास दिवसातून दोनदा कपभर काढा पाजून त्याचा जीव वाचेल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

वयावरून कारणाचा अंदाज

शेणाच्या केवळ रंगावरून रोगाचे निदान करता येत नाही. तथापि वासराचे वय विचारात घेतल्यास कारणाचा बराचसा अंदाज बांधता येतो.

पहिले चार-पाच दिवस : या वयात पाण्यासारखी पातळ, पांढुरकी किंवा पिवळसर हगवण लागून वासरू काही तासांतच निस्तेज झाले, तर आतड्यातील विशिष्ट जीवाणूंचा संसर्ग झाला असण्याचा संभव असतो. ज्या वासरास चीक उशिरा किंवा अपुरा मिळाला त्यात हा प्रकार विशेष आढळतो.

पाचव्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापावेतो : या काळात विषाणू तसेच सूक्ष्म एकपेशी परजीवी यांमुळे हगवण लागते. शेण पिवळे, पातळ, कधी शेंबडासारखे असते. एका वासरापासून गोठ्यातील इतर वासरांस ती लवकर लागते.

दुसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत, विशेषतः म्हशीच्या पारडांत : शेण मळकट मातीच्या रंगाचे व दुर्गंधीयुक्त, पोट घागरीसारखे, अंगावरील केस राठ व उभे, अशी लक्षणे दिसल्यास मोठ्या गोल जंतांची शंका घ्यावी. कधी कधी शेणात पांढरे, लांब जंत प्रत्यक्ष दिसतात. जंतांचा गुंता होऊन आतडे तुंबल्यास पारडू पोटदुखीने लोळते व दगावते.

तीन आठवड्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत : शेणात रक्त व आव, वारंवार कुंथणे, शेपटी व मागचे पाय रक्ताने माखलेले, अशी स्थिती असल्यास रक्ती हगवणीचा संभव असतो. हा एकपेशी परजीवींचा रोग असून तो दाटीवाटीने बांधलेल्या वासरांत व ओलसर गोठ्यांत, बहुधा पावसाळ्यात, फैलावतो.

याशिवाय कोणत्याही वयात दुधात अचानक बदल केल्याने, वेळा न पाळल्याने अथवा भांडी अस्वच्छ ठेवल्याने अपचनाची हगवण लागते. यात शेण मऊ किंवा पातळ झाले तरी वासरू हुशार असते, चोखावयास धावते व त्यास ताप नसतो. ताप, शेणात रक्त व अतिशय घाण वास ही तिन्ही लक्षणे एकत्र आढळल्यास मात्र रोग गंभीर स्वरूपाच्या जीवाणूंचा असण्याचा संभव असून घरगुती उपचारावर विसंबून राहू नये.

वासराची तपासणी कशी करावी ?

हगवण लागलेल्या वासराची पुढील पाच गोष्टींवरून तपासणी करावी. या तपासणीस पाच मिनिटेही लागत नाहीत व थर्मामीटरखेरीज कोणतेही साधन लागत नाही.

१. चोखण्याची शक्ती : हात स्वच्छ धुऊन एक बोट वासराच्या तोंडात घालावे. वासराने ते जोराने चोखल्यास आशा चांगली आहे. मंदपणे चोखल्यास सावध व्हावे. मुळीच न चोखल्यास व तोंड आतून गार लागल्यास वासरू धोक्यात आहे असे समजावे.

२. डोळे : डोळा व खालची पापणी यांमध्ये फट दिसू लागली, म्हणजे डोळा खोल गेला, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे.

३. कातडी : मानेवरील कातडी चिमटीत धरून किंचित पिळावी व सोडावी. निरोगी वासराची कातडी तत्काळ पूर्ववत होते. दोन सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास पाणी कमी झाले आहे, व पाच-सहा सेकंद लागल्यास स्थिती गंभीर आहे असे समजावे.

४. उभे राहणे : वासरू स्वतः उठते काय, उठविल्यावर उभे राहते काय, की आडवे पडून मान पोटाकडे वळविते, हे पाहावे.

५. तापमान : गुदद्वारात थर्मामीटर ठेवून तापमान घ्यावे. वासराचे तापमान सर्वसाधारणपणे १०१ ते १०३ अंश फॅरनहाइट असते. ते १०३ च्या बरेच वर गेल्यास जंतुसंसर्ग, व १०० च्या खाली उतरल्यास शरीर गार पडत चालले आहे असे समजावे. हे दुसरे लक्षण पहिल्याहून अधिक भयसूचक होय.

याच वेळी बेंबीही दाबून पाहावी. ती सुजलेली, गरम किंवा ओली असल्यास रोगजंतू बेंबीवाटे रक्तात शिरले असण्याचा संभव असतो.

घरचा उपचार : क्षारयुक्त पाणी

वासरू चोखत असेल व उभे राहत असेल तर उपचार घरीच तत्काळ सुरू करावा. मनुष्यांसाठी आरोग्य केंद्रात व औषधांच्या दुकानांत मिळणारी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, एक लिटर पाण्याची पुडी वासरासही चालते. ती उकळून कोमट केलेल्या बरोबर एक लिटर पाण्यात विरघळवावी.

पुडी न मिळाल्यास घरी द्रावण तयार करता येते. त्यासाठी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. खाण्याचा सोडा अडीच ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा. व ग्लुकोज पावडर २५ ग्रॅम, इतके जिन्नस घालावेत. किराणा दुकानातील काट्यावर एकदा बिनचूक तोलून अशा पाच-सहा पुड्या करून ठेवल्यास ऐन वेळी धांदल होत नाही. मीठ अंदाजाने मूठभर टाकणे अत्यंत धोक्याचे आहे. जास्त मिठाने हगवण वाढते व वासरास झटके येऊन ते दगावू शकते.

येथे एक बाब लक्षात ठेवावी. मुलांच्या हगवणीत घरोघरी साखर-मीठ-पाणी देतात. वासरास मात्र साखर किंवा गूळ यांऐवजी ग्लुकोजच द्यावे. उसाची साखर पचविणारा पाचकरस लहान वासराच्या आतड्यात जवळजवळ नसतो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते व हगवण उलट वाढविते. ग्लुकोज मात्र तसेच शोषले जाते व शोषले जाताना आपल्याबरोबर मीठ व पाणी यांनाही रक्तात नेते. याच तत्त्वाचा उपयोग करून १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या असंख्य रोग्यांना तोंडाने क्षारपाणी देऊन वाचविले. मनुष्यास उपयोगी पडलेले हे तत्त्व वासरासही तितकेच लागू आहे.

दूध बंद करावे की चालू ठेवावे, याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. हगवण लागली म्हणून दोन-तीन दिवस दूध तोडण्याची रीत हानिकारक आहे. केवळ क्षारपाण्यातून वासरास पुरेशी शक्ती मिळत नाही व ते भुकेने खंगते. म्हणून दूध चालू ठेवावे, पण एका वेळचे प्रमाण कमी करून अधिक वेळा द्यावे. मात्र दूध व क्षारपाणी एकत्र मिसळू नये, कारण सोडा व तत्सम क्षार दुधात मिसळल्यास जठरात दुधाचे दही नीट बनत नाही. दोहोंत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे.

३० किलोच्या वासरासाठी दिवसाचे वेळापत्रक असे ठेवता येईल : सकाळी ६ वाजता दूध १ लिटर, ९ वाजता क्षारपाणी १ लिटर, दुपारी १ वाजता दूध १ लिटर, ४ वाजता क्षारपाणी १ लिटर, सायंकाळी ७ वाजता दूध १ लिटर, रात्री १० वाजता क्षारपाणी १ लिटर. हगवण जोराची असल्यास पहाटे आणखी एकदा क्षारपाणी द्यावे. वासरू लहान असल्यास प्रत्येक वेळचे प्रमाण त्या मानाने कमी करावे. याखेरीज स्वच्छ साधे पाणीही वासरापुढे ठेवावे. शेण घट्ट होऊ लागले तरी आणखी एक दिवस हा क्रम चालू ठेवणे इष्ट होय.

पाजताना रबरी बोंडी लावलेली बाटली वापरणे उत्तम. ती नसल्यास स्वच्छ धुतलेले बोट वासरास चोखावयास द्यावे व ते हळूहळू पातेल्यातील द्रावणात बुडवावे, म्हणजे वासरू आपण होऊन पिऊ लागते. वासराची मान खांद्यापेक्षा फार वर उचलून, जीभ ओढून औषध ओतू नये. तसे केल्यास द्रव श्वासनलिकेत जातो व हगवणीतून वाचलेले वासरू फुप्फुसदाहाने मरते. जे वासरू गिळत नाही त्याच्या तोंडात बळेच काहीही घालू नये.

आजारी वासरू कोरड्या जागी, पाचट किंवा भाताच्या पेंढ्याच्या जाड अंथरणावर ठेवावे. थंडीत अंगावर गोणपाट बांधावे. मागचा भाग कोमट पाण्याने धुऊन पुसून घ्यावा, म्हणजे माश्या बसत नाहीत.

काय करू नये ?

पोटावर किंवा बरगड्यांवर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची चाल काही भागांत अद्याप आढळते. डागण्याने हगवण थांबत नाही. आधीच अशक्त झालेल्या वासरास वेदना होतात, जखम चिघळते व तिच्यात आसाडी पडते. ही चाल सर्वस्वी टाकून द्यावी.

दुकानातून माणसांच्या हगवणीच्या गोळ्या आणून वासरास देऊ नयेत. आतड्याची हालचाल थांबविणाऱ्या गोळ्यांनी विषारी द्रव्य आतच साचून राहते. त्याचप्रमाणे प्रतिजैविक औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत. विषाणू किंवा परजीवी यांच्या हगवणीवर त्यांचा उपयोग होत नाही. शिवाय अपुऱ्या मात्रेने जंतू त्या औषधास दाद देईनासे होतात, आणि मग खऱ्या गरजेच्या वेळी ते औषध निरुपयोगी ठरते.

पशुवैद्यकास केव्हा बोलवावे ?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास वेळ न दवडता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे : वासरू बोट चोखत नाही किंवा उठत नाही, तोंड, कान व पाय गार पडले आहेत, डोळे खोल गेले आहेत, ताप आहे, शेणात रक्त आहे, बेंबी सुजली आहे, पोट नगाऱ्यासारखे फुगले आहे, एका दिवसाच्या उपचाराने उतार पडलेला नाही, अथवा एकाच वेळी दोन किंवा अधिक वासरे आजारी आहेत. अशा वेळी शिरेतून सलाईन देणे हाच खरा उपाय असतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकाचा उपयोग करावा. पशुवैद्यक येईपर्यंत वासरास ऊब द्यावी व गिळत असल्यास क्षारपाणी चालू ठेवावे.

पशुवैद्यकास कळविताना वासराचे वय, हगवण केव्हापासून लागली, चीक केव्हा पाजला, जंताचे औषध दिले किंवा नाही व आतापावेतो काय उपचार केले, एवढी माहिती द्यावी. शक्य असल्यास ताजे शेण स्वच्छ डबीत घेऊन ठेवावे. रक्ती हगवणीचे व जंतांचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली शेण तपासून करता येते व प्रत्येकाचे औषध वेगळे असते.

प्रतिबंध : पहिले औषध चीक

गर्भात असताना गाईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये वासरास मिळत नाहीत. ती सर्व चिकातून मिळतात. १९२२ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल या संशोधकांनी दाखवून दिले की, चिकावाचून वाढविलेली बहुतेक वासरे थोड्याच दिवसांत जंतुसंसर्गाने मरतात, तर चीक मिळालेली वासरे जगतात. ही द्रव्ये जशीच्या तशी रक्तात शोषून घेण्याची शक्ती वासराच्या आतड्यात जन्मल्याबरोबर सर्वाधिक असते. ती तासातासाने कमी होत जाते व सुमारे २४ तासांत संपते. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी पहिल्या दिवशीचे नुकसान भरून येत नाही.

असे असताना पुष्कळ ठिकाणी 'जार पडल्याशिवाय वासरास पाजू नये' असा समज आहे. जार पडण्यास कित्येक तास लागतात व तेवढ्यात मोलाचा वेळ निघून जातो. वस्तुतः वासरू चोखू लागल्याने गाईच्या शरीरात जो स्राव सुटतो त्याने गर्भाशयाचे आकुंचन होऊन जार पडण्यास मदतच होते. म्हणून जार पडो वा न पडो, गाईची कास धुऊन, वासरू जन्मल्यापासून एक-दोन तासांच्या आत त्यास पोटभर चीक मिळेल असे करावे. पहिल्या २४ तासांत वजनाच्या निदान एकदशांश इतका चीक पोटात गेला पाहिजे. म्हणजे ३० किलोच्या वासरास ३ लिटर, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या काही तासांतच.

खरवस हा आपल्याकडील आवडीचा पदार्थ आहे. चीक तापविला म्हणजे तो वडीसारखा घट्ट होतो, याचे कारण त्यातील विपुल प्रथिने. त्याच प्रथिनांत वासराचे संरक्षण करणारी द्रव्ये असतात व ती उष्णतेने नष्ट होतात. सबब वासरास चीक उकळून कधीही देऊ नये आणि खरवसाचा विचार वासराचे पोट भरल्यानंतरच करावा. उरलेला चीक स्वच्छ बाटलीत भरून बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवल्यास तो आईविना राहिलेल्या वासरास उपयोगी पडतो. वापरावयाच्या वेळी बाटली कोमट पाण्यात ठेवून तो विरघळवावा.

बेंबी, भांडी व गोठा

जन्मानंतर बेंबीपासून दोन-तीन इंचांवर स्वच्छ दोऱ्याने नाळ बांधून उरलेला भाग निर्जंतुक केलेल्या कात्रीने कापावा व टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे. नाळ सुकेपर्यंत दिवसातून एकदा आयोडीन लावीत जावे.

दूध अंगाच्या उष्णतेइतके कोमट असावे व पाजण्याच्या वेळा ठराविक असाव्यात. दिवसाचे दूध वजनाच्या एकदशांशाहून कमी असू नये व ते दोन-तीन वेळांत विभागून द्यावे. अर्धपोटी वासरू रोगास लवकर बळी पडते. डेअरीत घातलेले लिटरभर दूध तात्काळ पैसे देते हे खरे, परंतु वासराच्या पोटातून काढून घेतलेले दूध पुढे त्याच्याच मरणाच्या रूपाने वसूल होते. पाजण्याची भांडी व बोंड्या प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवाव्यात.

लहान वासरे मोठ्या जनावरांपासून वेगळी बांधावीत. जमीन कोरडी राहील असा उतार द्यावा, ओले अंथरूण रोज काढावे व चुन्याचा वापर करावा. आजारी वासरू इतरांपासून दूर ठेवावे व त्याची सेवा निरोगी वासरांच्या नंतर करावी. त्याचे शेण हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण हगवणीचे काही जंतू मनुष्यासही बाधतात. मुलांना आजारी वासराशी खेळू देऊ नये.

जंतांचा बंदोबस्त

म्हशीच्या पारडांना होणारे मोठे गोल जंत बहुतांशी आईच्या दुधातूनच येतात. त्यांच्या सूक्ष्म अळ्या आईच्या शरीरात सुप्त असतात व व्यायच्या सुमारास कासेत उतरतात. यावरून चीक पाजू नये असा निष्कर्ष कोणी काढू नये. चिकावाचून पारडू जंतांच्या आधीच मरेल. उपाय वेगळा व सोपा आहे. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान जंतनाशक औषध दिल्यास जंत पूर्ण वाढण्यापूर्वीच व त्यांची अंडी शेणात पडण्यापूर्वीच मरतात. त्यामुळे पारडू तर वाचतेच, पण गोठ्याची जमीनही दूषित होत नाही. पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वजनाच्या प्रमाणात औषध द्यावे. औषध गाईच्या वासरांनाही द्यावे.

माती खाणाऱ्या वासरास मुसके बांधून प्रश्न सुटत नाही. मुसके हा तात्पुरता उपाय होय. जंताचे औषध, पुरेसे दूध, पुढ्यात वैरण व खनिज मिश्रण, ही त्यावरील खरी चिकित्सा आहे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचे काम

गावात काम करणाऱ्यांनी गाभण गाई-म्हशींची यादी ठेवावी व व्यायचा अंदाजे दिवस जवळ आला की त्या घरी एकदा जाऊन यावे. घरातील ज्या स्त्रिया प्रत्यक्ष गोठा पाहतात त्यांच्याशी बोलावे, कारण वासराचे शेण पातळ झाल्याचे प्रथम त्यांच्याच लक्षात येते. चिकाची वेळ, बेंबीला आयोडीन, दहाव्या दिवसानंतरचे जंतनाशक, या तीन गोष्टी साध्या वहीत प्रत्येक वासराच्या नावापुढे लिहून ठेवाव्यात. कोणत्या घरी वासरे वारंवार दगावतात हे त्या वहीवरून वर्षाअखेर आपोआप दिसून येईल, आणि तेथे दैव कमी व चूक अधिक आहे असेच बहुधा आढळेल. कार्यकर्त्याजवळ थर्मामीटर, क्षारांच्या चार पुड्या, आयोडीनची बाटली व एक रबरी बोंडी एवढे साहित्य असले तरी रात्री-अपरात्री एखादे वासरू वाचविता येते.

हगवणीचे वासरू पाहून 'सकाळपर्यंत बघू' असे म्हणण्याची सवय सोडली पाहिजे. सायंकाळी बोट चोखणाऱ्या वासरास एक लिटर क्षारपाण्याने तारता येते. तेच वासरू सकाळी बोट चोखेनासे झाले म्हणजे सलाईननेही ते वाचेलच असे सांगता येत नाही. म्हणून शेण पातळ दिसल्याबरोबर वासराच्या तोंडात बोट घालून पाहावे, डोळे पाहावेत, कातडी ओढून पाहावी आणि त्याच घटकेस पाणी कोमट करावयास ठेवावे.